आमच्या अंकुशचं कुणी समजून घेऊ नका

संपादकांनी सांगितलं, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा. मी म्हटलं, मी शिपाई होतो, शिपायाला अनुभव नसतात, कामं असतात. ते म्हणाले, मग कामंच लिहा. तेव्हा लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन आमच्याकडे आनंदी बघायची, म्हणजे माझी बायको. ती सातवी पास होती आणि हे ती मला लग्न झाल्यापासून ऐकवत आली. गेल्या श्रावणात ती गेली. आता माझ्या चुका काढायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा त्या ज्याच्या त्याने काढून घ्याव्यात.

नोकरी सावंतवाडीला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या कौलारू इमारतीत. एकोणीसशे साठच्या मागचा-पुढचा काळ. तिथे दर थंडीत मुंबई-पुण्याकडची शिकलेली माणसं तीन-चार आठवडे येऊन राहत. ज्या मुलांना बोलता येत नाही, किंवा येतं पण कुणाला कळत नाही, अशांना बोलायला शिकवणारी ही माणसं. त्यांना म्हणत वाचा-उपचारक, आणि त्यांच्या शिबिराला म्हणत प्रगत प्रशिक्षण. प्रगत म्हणजे काय, असं मी एकदा हेडक्लार्कला विचारलं. तो म्हणाला, जे आधीच शिकलेत त्यांना परत शिकवायचं. मला हे पहिल्यापासून अवघड वाटलं. न शिकलेल्याला शिकवणं सोपं, तो निदान ऐकतो.

हा धंदा काय असतो ते बाहेरच्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. काही मुलं अडखळतात, पहिल्याच अक्षरावर गाडी रुतते. काहींच्या टाळ्याला जन्मतः फट असते, त्यांचं बोलणं नाकातून निघून जातं. काहींची जीभ बरी, कान बरे, टाळू बरी, पण क, र, स सगळ्यांचं मिळून एकच अक्षर करून टाकतात. यावर औषध नाही, गोळी नाही. उपाय म्हणजे खेळ. आरशासमोर बसवून जीभ कुठे जाते ते दाखवायचं. वरच्या ओठाला मध लावायचा आणि जीभ तिथे पोचवायला सांगायची. पोपईच्या देठाच्या नळीने कापूस फुंकायचा. मेणबत्ती विझवायची. आरशावरची थुंकी पुसणं माझ्याकडे आणि मेणबत्त्याही माझ्याकडे. दिवसभर मी पेटवायच्या आणि दिवसभर त्यांनी विझवायच्या. सरकारी कामाचा याहून चांगला नमुना मी पाहिला नाही.

मुलांची परीक्षा घ्यायला चितारआळीतली, म्हणजे गावातल्या खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीतली, लाकडी फळं आणली होती. पहिल्या वर्षी त्यात एक लालभडक सफरचंद होतं. एकूण एक मुलाने त्याला काजूचं बोंड म्हटलं, आणि एका मुलीने तर, बी काढून घेतलेलं बोंड आम्हाला कशाला दाखवता, असं विचारलं. प्रशिक्षणार्थी मंडळींनी सगळ्यांपुढे फुली मारली. संध्याकाळी त्यावर चर्चा झाली, की या भागातल्या मुलांची समज कमी का. मी चहा देत होतो. सफरचंद मीही तोपर्यंत खाल्लं नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

सगळ्यात कठीण काम मुलं आणणं. शिकायला माणसं मुंबईहून येत, पण शिकायचं कुणावर? मुलं गावातून मी आणायची. मी जायचो, ओटीवर बसायचो, पाणी प्यायचो आणि विचारायचो, "तुमच्या झिलाक बोलूक येणा नाय म्हणे." झालं. बापाला राग, आजीला रडू. "कोणी सांगल्यान? आमचो झील बोलता. आज इच्छा नाय त्याची." कारण एका पोराची जीभ जड म्हटली की त्याच्या बहिणींची लग्नं अडतात. तिकडे घरातल्या घरात मात्र सगळे उपाय चालू. वेखंड उगाळून झालेलं, शंखातलं पाणी पाजून झालेलं, पोपटाने टोचलेला पेरू खाऊन झालेला. एका घरात तर पेरूसाठी पोपट पाळला होता. तो पोपट माझ्याशी स्वच्छ बोलला. पोरगा बोलला नाही.

मग कुणीतरी बातमी पसरवली की शिबिरात दुपारी भात-आमटी आणि वर केळं मिळतं. दुसऱ्या दिवशी अंगणात मुलं मावेनात. सगळी तोतरी. आया त्यांना फाटकापाशी शिकवून आत सोडत होत्या, "मोठ्यान अडखळ रे, नायतर परत पाठवतीत." प्रशिक्षणार्थी खूश झाले, एवढा प्रांतच्या प्रांत अडखळतो म्हणून. जेवणाच्या पंगतीत आमटी वाढायला उशीर झाला तेव्हा सगळ्यांच्या जिभा एकदम सुटल्या. तो उपचार कुठल्या पुस्तकात नव्हता.

शिबिराच्या मुख्य होत्या देवस्थळी बाई. बारीक चणीच्या, कडक, चष्म्याआडून बघणाऱ्या. त्यांना कामाचं खरंच कळायचं, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयीही वाकडं लिहिणार आहे. अडखळणाऱ्या पोराचं दुःख कळावं म्हणून बाईंनी आपल्या प्रशिक्षणार्थ्यांना घरचा अभ्यास दिला, की बाजारात जा, मुद्दाम अडखळत बोला आणि लोक कसे वागतात ते बघून या. विचार चांगला होता. पण बारा-पंधरा सुटाबुटातली माणसं एकाच संध्याकाळी सावंतवाडीच्या बाजारात अडखळत हिंडली तर काय होणार? खेळण्यांच्या दुकानदाराने एकाला बहिरा समजून ओरडून भाव सांगितला. हॉटेलवाल्याने दुसऱ्याला कप न देता करवंटीत चहा दिला, लागण होईल म्हणून. आणि सकाळपर्यंत गावोगाव झालं, की मुंबईसून तोतऱ्या डाक्टरांची टोळी इली आसा. आयाबाया आपापली मुलं काढून न्यायला फाटकात हजर. एक म्हातारी मला म्हणाली, "तुमचे डाक्टर आधी बरे करा, मगे आमची पोरां आणा." चार दिवस शिबिरात औषधालाही मूल नव्हतं. मी तेवढ्या मेणबत्त्या वाचवल्या.

हे सगळं सांगायला मजा येते. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमचं घर तिथून लांब, समुद्रकाठी, मिठबावच्या अलीकडच्या एका वाडीत. मी सावंतवाडीला, आनंदी आणि मुलगा घरी. मुलाचं नाव अंकुश. सहा वर्षं संपली तरी त्याचं बोलणं आईशिवाय एकाही माणसाला कळत नव्हतं. मलाही नाही. तो बोलायचा भरपूर, हातवारे करून, डोळे मोठे करून, पण ऐकणाऱ्याला सगळं ता-ता-ता. आनंदी शेजारी उभी राहून सांगायची, "तो म्हणता, खाजणात मोठी कुर्ली दिसली." आणि खेकडा खरंच असायचा. नवऱ्याने मुलाशी बोलायचं तर बायको मधे हवी, असं आमचं घर. दोन देशांचे वकील बोलतात तसं.

त्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी तिला सांगितलं, "जूनमध्ये घेतो त्याला, पण वहिनी, तुम्हाला वर्गात बसवता येणार नाही." मी घरी गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "मी मेलंय तर ह्येचा कोण ऐकतलो?"

"मी आसंय मा," मी म्हटलं.

"तुमी? तुमका त्याका हगाक झाला ता पण कळणा नाय."

हे खरं होतं. मी त्या थंडीत दोघांना सावंतवाडीला घेऊन गेलो. ज्या शिबिरासाठी मी लोकांची मुलं पळवून आणल्यासारखी आणायचो, तिथे माझंच पोर नेऊन बसवलं. लाज वाटली का? वाटली. ओटीवर बसून ज्या बापांना मी शहाणपण शिकवलं होतं ते सगळे आठवले.

प्रशिक्षणार्थ्यांनी अंकुशला मधे बसवलं आणि भोवती गोल धरला. एकाने कान तपासले, एकाने टाळू. एकजण म्हणाला, जिभेखालचा दोर कापायला हवा. दुसरा म्हणाला, दोर बरोबर आहे, हा मनाचा प्रश्न आहे. तिसऱ्याने मुलाला लाकडी बैल दाखवला. अंकुशने ता-ता करून भलीमोठी गोष्ट सांगितली. आनंदी मागून म्हणाली, "तो म्हणतो, आमच्या बैलाचं एक शिंग मोडलेलं आहे, आणि हा बैल खोटा आहे." कचेरीत ती नेहमी शुद्ध बोलायची.

देवस्थळी बाई एकदम वळल्या. "तुम्हाला सगळं समजतं त्याचं?"

"सगळं."

"मग तो कशाला नीट बोलेल?"

बाई तिला बाजूला घेऊन बसल्या. म्हणाल्या, "ओळखीची माणसं त्याचं बोलणं ऐकत नाहीत, ओळखतात. तुम्ही तर तो तोंड उघडायच्या आधीच ओळखता. त्याच्या जिभेला कामच नाही राहिलं. आरशाचे, फुंकरीचे अभ्यास मी शिकवते, ते रोज करून घ्या. पण त्याच्याबरोबर हेही करा. तो असं बोलला की तुम्हाला ऐकूच आलं नाही असं करा. नीट सांगायचा प्रयत्न केला की मगच वळा."

आनंदीने विचारलं, "म्हणजे मी बहिरं व्हायचं?"

"नाटक करायचं."

"किती दिवस?"

"तो अनोळखी माणसाला समजेल असं बोलेपर्यंत."

बाई आणखीही काहीतरी म्हणाल्या, पण आनंदीचे कान तिथेच बंद झाले असावेत. तिने ते व्रतासारखं घेतलं. आमच्याकडच्या बायका एकदा काही धरलं की सुटत नाहीत. सोळा सोमवार धरले की पंधराव्याला ताप आला तरी पाणी पिणार नाहीत. परतताना बैलगाडीतच तिने सुरू केलं. अंकुश तिच्या मांडीवर बसून समुद्राकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता आणि ती समोर बघत होती. मी म्हटलं, "अगो, गाडीत तरी." ती माझ्याशीही बोलली नाही. नवऱ्यासाठीही बहिरेपण लागू केलं की काय, अशी मला भीती वाटली.

घरी आल्यावर दुसरीच अडचण निघाली. आई बहिरी झाली, पण वाडी होती ना. आईने ऐकलं नाही की पोर शेजारी जायचं, आणि सहा वर्षांत शेजाऱ्यांनाही थोडंबहुत कळायला लागलं होतं. पाणी मागितलं तर काशी काकी पाणी द्यायची, वर गूळ द्यायची. बाईंना मी निघताना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सगळ्यांनीच केलं पाहिजे. म्हणून मी आठ दिवसांची रजा काढली आणि घरोघर फिरून सांगितलं, की कृपा करून आमच्या अंकुशचं कुणी समजून घेऊ नका.

आयुष्यात मी बरीच बिनडोक कामं केली, पगार घेऊन केली. पण अशी दवंडी दुसऱ्या कुणी पिटली असेल असं वाटत नाही.

तुकाराम वाण्याच्या दुकानात गेलो. "माझ्या झिलान काय मागल्यान तर तुका समाजला नाय असा कर."

"कित्या?"

"त्याका बोलूक येवचा म्हणान."

"म्हणजे गिऱ्हाईक समोर उभा, माल माझ्या मागे, आणि माका समाजणा नाय? मी धंदो करतंय काय दशावतार?"

काशी काकी तर चुलीपासून उठलीच नाही. "तुझा बोलणा इतकी वर्सा कोणाक समाजणा नाय, तेचा काय? आणि त्या पोराचा माका समाजता तर तो गुन्हो?"

तिसरे बाबी गावकर, देवळातले मानकरी. आमच्याकडे माणूस देवाशी थेट बोलत नाही. बोलतो तो मानकरी. तुमच्या घरात आजार असो, गाय हरवलेली असो, तुम्ही नारळ घेऊन उभं राहायचं आणि मानकऱ्याने देवाला मोठ्याने सांगायचं, बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची अशी अशी अडचण आसा, ती दूर कर. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." याला गाऱ्हाणं म्हणतात. बाबी गावकरांचा आवाज खाडीपलीकडे जायचा. त्यांच्या तोंडून मागितलेलं देवाला नाकारायची सोय नव्हती. माझं ऐकून ते म्हणाले, "दुसऱ्याचा तोंड होवचा, ह्याच माझा काम. आणि तू माका सांगतस तोंड मिट?"

पण तोवर वाडीला यात गंमत वाटायला लागली होती. मालवणी माणसाला कुणाचं ऐकायचं नाही याची परवानगी मिळाली, यापरतं सुख ते काय? सगळे जोरात लागले. अंकुश खोबरेल तेलाची बाटली घेऊन गेला तर तुकारामाने त्याला मीठ बांधून दिलं आणि वर दाढी कुरवाळत बसला. काशी काकीने गूळ बंद केला, पण रोज दुपारी पोराला बघून तिलाच रडू यायचं आणि ती आत जाऊन बसायची. माझे नारळ शेजारच्याच्या परड्यात पडले, मी मागायला गेलो, तर तो म्हणाला, "काय म्हणतस ता समाजणा नाय." कशाला समजेल? मीच सांगून आलो होतो.

मी नोकरीवर परतलो. पुढचं आनंदीने मला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. सकाळी आरसा, ओठाला मध नसेल तर काकवी, मग फुंकर, मग एकेक अक्षर. तेवढा वेळ ती त्याच्याशी बोलायची. ते संपलं की बहिरी. तो पदर ओढायचा, ती भात ढवळायची. रागाने मारायचा, ती मार खायची. एकदा त्याने तिच्या पाठीमागे उभं राहून काशाच्या ताटावर पळी हाणली. ती वळली नाही. मला सांगताना म्हणाली, "काळजात वाजला माझ्या, पण वळाक नाय." मला वाटलं पोर आता चिडखोर झालंय. तिलाही तसंच वाटलं. पण बोलण्यात फरक पडत होता. पाणी म्हणताना प येत होता. समोर येऊन, तिच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सोडवून बोलायला लागला होता.

शिमग्याला मी रजा घेऊन घरी आलो. सकाळी देवळापुढे सगळी वाडी जमली. आनंदीने अंकुशच्या हातात नारळ दिला होता. शाळेची वेळ जवळ आली होती, तेव्हा त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलंच होतं. बाबी गावकरांनी आधी दोघा-तिघांची गाऱ्हाणी घातली. कुणाची होडी, कुणाची म्हैस. प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा." मग अंकुशची पाळी आली. बाबींनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या जिभेक..."

"बाबी भावोजी, थांबा," बायकांच्या बाजूने आवाज आला. आनंदी होती. "तुमी नको. तो बोलतलो."

बाबींनी एक डोळा उघडला. "देवाच्या पुढ्यात पोर बोलता? रीत काय आसा काय नाय?"

"रीत तुमचीच, मान तुमचोच. नारळ तुमीच धरा. तोंड तेवढा त्याचा वापरूंदे."

"आणि देवाक समाजला नाय तर?"

"तर मी देवाचा बघतंय."

लोक हसले. बाबी नाही हसले, पण गावासमोर बाईशी भांडण्यापेक्षा त्यांनी बाजूला होणं पसंत केलं. नारळ धरून उभे राहिले, जिभेवर कुणीतरी पाय ठेवल्यासारखे. अंकुश पुढे आला. एवढीशी चड्डी, डोक्याला तेल. त्याने देवाकडे बघितलं, मग लोकांकडे, आणि बोलला.

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. कळलं असतं तरी कोण बोलणार? सगळ्या वाडीला मीच सांगितलं होतं, समजून घेऊ नका. तुकाराम आपल्या पायांकडे बघत होता. काशी काकीने पदर तोंडात धरला होता. गाऱ्हाण्यानंतर जी शांतता कधी पडत नाही ती पडली. मी आनंदीकडे पाहिलं. तिला कळलेलं दिसत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिने शेजारच्या खांबाला घट्ट धरलं होतं.

अंकुश परत बोलला. या वेळी हळू. काही शब्द सुटे झाले, काही चिकटलेलेच राहिले. परत कुणी हूं की चूं नाही. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता पळून जाईल, आणि मी पुढे व्हायला लागलो. पण तो पळाला नाही. त्याने हात जोडले, आणि शिकवल्यासारखं ओठ मिटून, जीभ वर नेऊन, एकेक शब्द ठेवत तो म्हणाला,

"देवा म्हाराजा. माझ्या आयेक ऐकूक येणा नाय. तिचे कान बरे कर."

देवळाच्या पायरीवर एक घाटावरचा मिरचीवाला बसला होता. कुणकेश्वरची जत्रा करून गावं घेत चालला होता आणि गाऱ्हाणी आटपली की पोतं सोडावं म्हणून वाट बघत होता. त्याला आमची वाडी माहीत नव्हती, अंकुश माहीत नव्हता, आणि माझी दवंडी तर नव्हतीच नव्हती. इतका वेळ तो प्रत्येक वाक्याला लोक काय म्हणतात ते ऐकत होता. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "होय महाराजा."

कुणी हललं नाही. तो चिडला. "अहो, पोरगं आईच्या कानांसाठी मागणं मागतंय, आणि तुम्ही सगळे मुके काय?"

मग सगळी वाडी एकदम म्हणाली, "व्हय म्हाराजा." बाबी गावकर सगळ्यात मोठ्याने. मी म्हणालो का ते आठवत नाही.

आनंदी पुरुषांच्या बाजूला आली. असं बाईने यायची रीत नव्हती, पण त्या दिवशी रीतीचं कोण बघत होतं? तिने अंकुशला उचलून घेतलं. सहा वर्षांचा घोडा, पाय लोंबत होते. त्याच्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, "ऐकू इला रे बाबा. सगळा ऐकू इला."

पोराने तिचे दोन्ही कान धरून बघितले.

त्यानंतर श्रेयाची वाटणी सुरू झाली. बाबी गावकरांनी गावोगाव सांगितलं, की आपण नारळ धरला तेव्हा देवाने बाईचे कान आणि पोराची जीभ एकाच सांगण्यात दिली. काशी काकी म्हणाली, तिच्या गुळाने झालं, आणि गूळ बंद केला नसता तर लवकर झालं असतं. सावंतवाडीत पुढच्या थंडीत त्याच प्रशिक्षणार्थ्यांपैकी एकाने व्याख्यान दिलं, त्यात त्याने निकाल जिभेखालच्या दोराच्या बाजूने लावला. आमच्या पोराचा दोर कुणी कापला नव्हता. मी चहा देत होतो, म्हणून गप्प बसलो.

देवस्थळी बाईंना मात्र मी सगळं सांगितलं. त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि चष्मा काढून हातात धरला. आनंदी तेव्हा शिबिराच्या स्वयंपाकाला आलेली होती, तिला बोलावून घेतलं.

"अहो, मी दिवसातून अर्धा तास म्हटलं होतं. जेवणाआधी अर्धा तास. तुम्ही अडीच महिने बहिऱ्या राहिलात?"

आनंदी म्हणाली, "बाई, उपास कुणी अर्धा तास करतं का?"

बाईंनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, पुढच्या तुकडीला हे सांगितलं पाहिजे, आईला सूचना देताना वेळ दोनदा सांगावी. आणि त्यांनी खरंच सांगितलं. प्रशिक्षण प्रगत झालं ते तेवढंच, माझ्या माहितीप्रमाणे.

त्या शिमग्यानंतरच्या जूनमध्येच मास्तरांनी अंकुशला शाळेत घेतलं होतं. त्याचा र आजही जागेवर नाही, आणि घाईत असला की एखादा शब्द गिळतो. मुंबईला गोदीत नोकरी केली, भांडला, युनियनमध्ये बोलला, लग्न केलं. लोकांना त्याचं समजतं. न समजणारे भेटतात, पण ते मलाही भेटतात.

एक गोष्ट मात्र राहिली. आईचे कान देवाने बरे केले, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. देवाने दिलेलं देव परत नेईल, अशी धास्ती असायची की काय कोण जाणे. जन्मभर तो तिच्याशी बोलायचा तर समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. इतरांशी बोलणं कसंही. सून हसायची. नातवंडं नक्कल करायची. मी आनंदीला म्हणायचो, "सांग गो त्याका खरा, आता केस पिकले त्याचे." ती म्हणायची, सांगते. सांगितलं नाही. तिला ते आवडायचं, हे समजायला मला तीस वर्षं लागली. मला कुठलंही समजायला वेळ लागतो, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

गेल्या श्रावणात ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात तिला डोळे उघडणं जड जायचं, पण कान शाबूत होते, बाहेर कुणाची पावलं वाजतात ते ओळखायची. अंकुश मुंबईहून आला. चिखलाच्या पायांनी तसाच आत गेला, तिच्या तोंडासमोर वाकला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, "आये, मी, इलंय."

शेजारच्या बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, "हळू बोल रे बाबा, तिका चांगला ऐकूक येता."

आनंदीने हात हलवून तिला गप्प केलं. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "काय म्हणतस रे? ऐकूक येणा नाय. परत सांग."

त्याने परत सांगितलं.